माझी पहिली तीन वर्षं

आज दवाखान्यात फॉर्म भरत होते. ‘लहानपणी झालेले आजार’ या रकान्यापाशी पेन थांबलं. हे नेहमी आईला विचारायचं असतं! बाहेर येऊन ताईला फोन केला. गोवर येऊन गेल्याचं तिला आठवतं, पण तो मला की तिलाच, हे काही तिला सांगता येईना. तीही तेव्हा लहानच होती.

आई गेल्यावर तिचा आवाज, तिचा हात, तिचं रागावणं नसणार, याची मनाने थोडीफार तयारी केली होती. पण माझ्या आयुष्याची सुरुवात तिच्याजवळ ठेवलेली होती आणि तीही तिच्याबरोबर गेली, हे आज लख्ख कळलं.

साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं आपल्याला काही आठवत नाही. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९०५ साली या विस्मृतीबद्दल लिहिलं. मन त्या आठवणी दडपून टाकतं, असं त्याला वाटायचं. आता अभ्यासक म्हणतात, आठवणी बांधून ठेवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस तेव्हा अजून घडत असतो आणि झालेलं सांगायला भाषाही पुरेशी आलेली नसते. म्हणजे मी पहिल्यांदा चालले, कशाला घाबरले, कोणाकडे झेपावले, हे सगळं मी जगले. पण ठेवलं ते आईने. डॅनियल वेगनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मांडलं आहे की जवळची माणसं लक्षात ठेवायचं कामसुद्धा आपसांत वाटून घेतात. आमच्या घरात ती वाटणी फार एकतर्फी होती. सगळ्यांचं सगळं आईकडे.

ती रोज रात्री प्रार्थनेत आम्हा प्रत्येकाचं नाव घ्यायची. देव काहीच विसरत नाही, असं म्हणायची. मी वाद घालायचे, ती घालू द्यायची. ती वरून बघते आहे, असं लोक सांगतात. चांगल्या मनाने सांगतात, पण त्याने मला धीर येत नाही. मला हवं आहे ते याहून मोठं आहे. तिने मला पहिल्यांदा जवळ घेतलं तो क्षण कुठेतरी जसाच्या तसा, न झिजता असावा. माझ्याजवळ तो नाही, तिच्याजवळ होता, ती नाही. मग कोणाजवळ? या प्रश्नापाशी आले की मला तिची श्रद्धा कळते. माझ्यात ती पुरती उतरली आहे असं नाही, पण हल्ली रात्री मीही नावं घेते. तिच्याच क्रमाने.

रविवारी ताईबरोबर मावशीकडे जाणार आहे. मला तान्ही असताना पाहिलेल्या मोठ्या माणसांपैकी तीच एक उरली आहे. तिला आठवेल ते सगळं लिहून घ्यायचं ठरवलंय. भावाला ही धडपड पटत नाही. गेलेलं उकरून काय मिळणार, म्हणतो. तो झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. रडता रडता तो श्वास धरून ठेवायचा, ओठ निळे पडायचे आणि आई घाबरून त्याच्या तोंडावर फुंकर मारायची. पाय फुटल्यावर तो भिंत धरून थेट माझ्या दप्तराकडे यायचा. हे त्याला माहीत नाही. त्याने विचारलं नाही तरी त्याच्यासाठी एक वेगळी वही मी उद्यापासून लिहायला घेणार आहे.