घर दाखवते हं!

आपल्याकडे कुणाच्या नव्या घरी गेलं की चहाच्या आधी घर बघावं लागतं. "या ना, घर दाखवते" म्हणत यजमानीणबाई पुढे, आपण मागे. हा हॉल, ही बाल्कनी, ही आमची बेडरूम. बाथरूमचासुद्धा दिवा लावून दाखवतात आणि आपणही आत डोकावून "टाइल्स छान आहेत हं" म्हणतो. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या एकेक ओढून होतात. हे सगळं फुकट असतं, वर पोहे मिळतात.

त्यामुळे इंग्लंडमध्ये डर्बीला लेकीकडे गेलो असताना जावयाने "रविवारी एक मोठं घर बघायला जाऊ" म्हटलं आणि त्याला तिकीट असतं हे कळलं, तेव्हा आमच्या ह्यांच्या कपाळाला आठी पडली. लेक-जावयाकडे नॅशनल ट्रस्टचं, म्हणजे तिथली जुनी घरं जपणाऱ्या संस्थेचं, वर्षाचं सदस्यत्व होतं. तिकिटं काढायची होती ती फक्त आम्हा तिघांची. तिसऱ्या म्हणजे विहीणबाई. त्याही तेव्हा नाशिकहून आल्या होत्या आणि आदल्या आठवड्यात चॅट्सवर्थ हा एका ड्यूकचा वाडा बघितल्यापासून त्या घरांच्या प्रेमातच पडल्या होत्या.

"दुसऱ्याचं घर बघायला पैसे कसले?" हे म्हणाले. पाउंडांचे रुपये मनात करून झाले होते.

"अहो भाऊ, आपण अजिंठ्याला नाही का तिकीट काढत?"

"ताई, अजिंठ्यात कुणी सरदार राहत नव्हता."

विहिणीसमोर नवऱ्याची बाजू घ्यावी की नवऱ्यासमोर विहिणीची, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा असतो. मी खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघत बसले.

तिकीट का लागतं, ते जावयाने गाडीत सांगितलं. अशा घरांच्या मालकांचं शेतीचं उत्पन्न घटलं, पहिल्या महायुद्धात वारस गेले, नोकर मिळेनासे झाले आणि वर वारसा कर वाढत गेला. चॅट्सवर्थच्या दहाव्या ड्यूकने इस्टेट मुलाच्या नावे केली होती. कर चुकायला आणखी काही आठवडे जगणं गरजेचं होतं, पण 1950 च्या नोव्हेंबरात तो गेला आणि ऐंशी टक्के कर बसला. तो फेडताना घराण्याचं दुसरं घर, हार्डविक हॉल, सरकारला द्यावं लागलं. दुसरीकडे लाँगलीटच्या मालकाने 1949 मध्येच अर्ध्या क्राउनला घर उघडलं होतं, आणि 1966 मध्ये तर बागेत सिंह आणून सोडले. विसाव्या शतकात अशी कितीतरी घरं सरळ पाडली गेली. उरलेल्यांनी तिकीटखिडकी उघडली.

"म्हणजे आता मालकच भाड्याने राहतात," हे म्हणाले. आवाजात थोडं समाधान होतं.

आम्ही गेलो ते केडलस्टन हॉल. बंगालची फाळणी करणारा लॉर्ड कर्झन 1859 मध्ये इथेच जन्मला. कर्झन घराणं बाराव्या शतकापासून याच जागेवर. अठराव्या शतकात त्यांनी जुनं घर पाडून हे नवं बांधायला घेतलं, समोर मोकळी हिरवळ हवी म्हणून आख्खं गाव उचलून पलीकडे बसवलं. राहिलं फक्त चर्च, तेही आता घराला चिकटून उभं आहे, जसं काही गाव सोडून जायला विसरलं.

आत शिरल्या शिरल्या संगमरवरी दालन. गुलाबी शिरांच्या अलाबास्टर दगडाचे वीस खांब, आणि डोकं मागे टाकलं की मान दुखेल इतकं उंच छत. विहीणबाई "अगंबाई" म्हणून गप्प झाल्या, आणि त्यांना गप्प करणं सोपं नाही. पडदे अर्धे ओढलेले, उन्हाने रेशमाचा रंग उडू नये म्हणून. एका नक्षीदार खुर्चीवर कुणी बसू नये यासाठी पाटी नव्हती. नुसतं एक वाळलेलं काटेरी बोंड मधोमध ठेवलेलं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे "बसू नये" लिहिलं की लोक त्या पाटीवर कोपर टेकवतात.

"आजी, इथे कोण झोपतं?" नातीने विचारलं.

खोलीत बसलेल्या स्वयंसेवक आजीबाईंनी उत्तर दिलं आणि त्या उत्तराने आमच्या ह्यांचा दिवस सार्थकी लागला. मधला हा भव्य भाग मुळात राहण्यासाठी नव्हताच. चित्रं मांडायची, पाहुण्यांचे डोळे दिपवायचे, एवढंच त्याचं काम. कुटुंब राहायचं बाजूच्या लहान इमारतीत. स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूच्या इमारतीत, वाकडा बोळ ओलांडून. सूप येईपर्यंत गार.

"बडा घर, पोकळ वासा!" हे मोठ्याने म्हणाले. आजीबाईंनी अर्थ विचारला. जावयाने काहीतरी सौम्य भाषांतर केलं असावं, कारण त्या हसल्या आणि म्हणाल्या की असं म्हणणारे तुम्ही पहिले नाही. 1777 साली इंग्रजी कोशकार डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचा मित्र बॉझवेल हे घर बघायला आले होते. बॉझवेल हरखला. या सगळ्याचा धनी किती सुखी असेल, असं काहीसं म्हणाला. जॉन्सनने उत्तर दिलं की यामुळे फार तर एकच दुःख टळतं, गरिबीचं. खांबांच्या दालनात न्यायाधीश बसवा, गोल खोलीत ज्युरी आणि वरच्या खोलीत कैदी ठेवा, हा सल्लाही त्याचाच. म्हणजे विहीणबाई आणि आमचे हे याच खांबांखाली भांडून गेले होते, अडीचशे वर्षांपूर्वी.

त्या दोघांना घर फिरवून दाखवणाऱ्या बाई म्हणजे इथल्या हाउसकीपर मिसेस गार्नेट. त्यांचं तैलचित्र घरात आहे. काळा पोशाख, पांढरी टोपी, हातात चित्रांची यादी असलेलं पुस्तक. सगळीकडे लॉर्ड आणि लेड्या मिरवतायत, आणि त्यांत ही घर दाखवणारी बाई. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. तिने हजारदा तीच वाक्यं म्हटली असतील. "या, हा दिवाणखाना." मालकीणबाईंना घराचा कंटाळा आला तरी चालत असेल, हिला तो दाखवायची सोय नव्हती.

तळमजल्यावर कर्झनने हिंदुस्थानातून आणि इतर पौर्वात्य देशांतून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. तिथे आमच्या ह्यांचा चेहरा पुन्हा ताठ झाला. हस्तिदंत, चांदी, शस्त्रं. नॅशनल ट्रस्टने 2020 मध्ये एक अहवाल काढून आपल्या 93 जागांचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध मांडला होता. त्यावरून तिथे केवढा गदारोळ झाला! एक गट म्हणाला, आम्हाला शांतपणे बाग बघू द्या. दुसरा म्हणाला, बागेचे पैसे कुठून आले तेही लिहा. मी दुसऱ्या गटातली, पण बाग बघूनच.

गंमत अशी की कलकत्त्याचं गव्हर्न्मेंट हाउस, नंतरचं राजभवन आणि आजचं लोकभवन, याच घराच्या नमुन्यावर बांधलं. बांधवून घेणारा गव्हर्नर जनरल वेलस्ली. 1803 मध्ये तिकडे ते घर पुरं होत होतं आणि इकडे आसईला त्याचा धाकटा भाऊ शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढत होता. पुढे 1899 मध्ये व्हाइसरॉय होऊन कर्झन कलकत्त्याला उतरला तो थेट आपल्याच घराच्या नकलेत. ह्यांनी ही गोष्ट विहीणबाईंना उभ्या उभ्या रंगवून सांगितली, आणि मग काचेच्या कपाटापाशी दोघंही थांबले.

आत लेडी कर्झनचा मोरपिशी झगा होता. 1903 च्या दिल्ली दरबाराच्या नृत्यसमारंभात घातलेला. दिल्लीतल्या कारागिरांनी जरीत एकावर एक मोरपिसं भरली, शिवला तो पॅरिसमध्ये. हे म्हणाले, "त्याच्या तीनच वर्षं आधी मुंबई इलाख्यात दुष्काळाने माणसं मेली होती." खरंच होतं. विहीणबाई मात्र काचेला नाक लावून प्रत्येक पिसाच्या डोळ्यात चमकणारा हिरवा ठिपका बघत होत्या.

"भाऊ, हा खडा नाहीये. सोनकिडा आहे!"

खरंच, किड्याच्या पाठीचं कवच. हिरवंनिळं, आजही ताजं. विहीणबाई लहानपणी काडेपेटीत सोनकिडे पाळायच्या, बाभळीचा पाला घालून. हेही पाळायचे. मग कुणाचा सोनकिडा किती दिवस जगला आणि अंडी घातली होती की नाही, यावर दोघांची जी जुंपली ती चहाच्या टेबलापर्यंत. स्कोनवर आधी साय की आधी जॅम, यावर इंग्रज लोक भांडतात म्हणे. आमच्या टेबलावर बाभूळ की शिरीष चालू होतं.

परतीच्या वाटेवर सगळे पेंगत होते. हे पुढच्या सीटवरून जावयाला हळूच म्हणाले, "ते कराच्या बदल्यात दिलेलं घर, हार्डविक का काय, किती लांब आहे इथून?" आणि जरा थांबून, "बघायला नव्हे. करापायी गेलं ना, म्हणून विचारतोय."