२८.३ म्हणजे अठ्ठावीस आठवडे तीन दिवस नाहीत

कमी दिवसांच्या बाळांची वाढ नोंदवणारं सॉफ्टवेअर निवडताना किंवा स्वतः लिहिताना बहुतेक जण आधी आलेख कसा दिसतो ते बघतात. त्याआधी एक रकाना तपासा: गर्भवय, म्हणजे जन्माच्या वेळी गर्भ किती आठवड्यांचा होता, ते कसं भरून घेतलं जातं. पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं असतं. तो चुकला तर वजनकाटा कितीही चांगला असो, बाळाचा ठिपका भलत्याच जागी पडतो.

केसपेपरवर "२८+३" लिहिलेलं असतं, म्हणजे २८ पूर्ण आठवडे आणि ३ दिवस. एक्सेलमध्ये किंवा एकाच चौकटीच्या फॉर्ममध्ये त्याचं २८.३ होतं. खरा दशांश २८.४३ आहे. इथे फरक साधारण एका दिवसाचा पडतो, २८+६ चं २८.६ झालं की जवळजवळ दोन दिवसांचा. म्हणून आठवडे आणि दिवस यांचे दोन वेगळे रकाने हवेत, दिवसांच्या रकान्यात ० ते ६ सोडून काहीही घ्यायचं नाही, आणि डेटाबेसमध्ये एकच पूर्णांक ठेवायचा: दिवस. २८+३ म्हणजे १९९ दिवस. पूर्ण काळ २८० दिवसांचा धरला की हे बाळ ८१ दिवस लवकर आलं.

एकदा १९९ हाती आलं की बाकीची बेरीज-वजाबाकी आहे. समजा, जन्म ३ मार्चचा आणि मोजमाप १४ एप्रिलचं. मध्ये ४२ दिवस गेले, म्हणजे त्या दिवशीचं वय १९९ + ४२ = २४१ दिवस, अर्थात ३४+३. तेच बाळ ३ सप्टेंबरला तपासणीला आलं तर जन्मापासून १८४ दिवस झालेले असतात. त्यातून ८१ वजा केले की सुधारित वय १०३ दिवस निघतं. आई सांगणार सहा महिन्यांचं, आलेखावर ठिपका मात्र साडेतीन महिन्यांच्या जरा अलीकडे.

इथे तारखांचा एक खड्डा आहे. वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवणाऱ्या प्रणालीत पहाटे २ वाजता जन्मलेलं बाळ आदल्या दिवशी रात्री ८:३० चं होतं. नंतर फक्त तारीख उचलली की एक दिवस सरकलेला असतो, आणि तो फक्त पहाटे साडेपाचच्या आत जन्मलेल्या बाळांचाच सरकतो, त्यामुळे चूक लवकर सापडत नाही. जन्मतारीख ही तारीख म्हणूनच साठवा, वेळ वेगळ्या रकान्यात. तसंच "आजचा कितवा दिवस" हा आकडा सिस्टरांना भरायला लावू नका. काही विभागांत जन्मदिवस शून्य धरतात, काही ठिकाणी एक. दोन तारखांतून तो यंत्रानेच काढावा.

गर्भवयाच्या शेजारी ते कशावरून ठरवलं याचाही रकाना हवा: पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी, पाळीची तारीख, की जन्मानंतर बाळाची त्वचा आणि स्नायूंचा ताण बघून वयाचा अंदाज बांधणारी बॅलार्ड तपासणी. बॅलार्डमध्ये दोन आठवड्यांचा फरक सहज पडतो. उशिराच्या सोनोग्राफीवर विसंबलं तर वेगळाच धोका असतो. पोटात वाढ खुंटलेलं बाळ मोजमापाने लहान दिसतं, म्हणून त्याचं वयच कमी धरलं जातं आणि मग ते आलेखावर छान मध्यावर बसतं. जुना रिपोर्ट चौथ्या-पाचव्या दिवशी नातेवाइकांच्या पिशवीतून निघतो आणि गर्भवय बदलावं लागतं, हे तर नेहमीचंच. म्हणून झेड-स्कोअर, म्हणजे त्या वयाच्या मध्यापासून बाळ किती प्रमाण विचलनं वर किंवा खाली आहे तो आकडा, डेटाबेसमध्ये साठवू नका. कच्चं वजन, तारीख आणि गर्भवय साठवा, स्कोअर दर वेळी नव्याने काढा. साठवलेले स्कोअर गर्भवय बदलल्यावर तसेच पडून राहतात, आणि एकाच बाळाच्या रेषेचा अर्धा भाग जुन्या वयावर, अर्धा नव्या वयावर निघतो.

आता तक्ता कोणता. फेंटनचा २०१३ चा तक्ता २२ ते ५० आठवड्यांचा आहे, मुलगा-मुलगी वेगळे, सहा देशांतल्या सुमारे ४० लाख जन्मांवर बेतलेला आणि ५० व्या आठवड्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांशी जुळवलेला. इंटरग्रोथ-२१ चा जन्मोत्तर वाढीचा तक्ता २०१५ मध्ये आला, तो २७ ते ६४ आठवड्यांचा. या प्रकल्पाच्या आठ केंद्रांत नागपूर होतं. पेलोतास, तुरीन, मस्कत, ऑक्सफर्ड, सिॲटल, बीजिंग आणि नैरोबी यांच्या बरोबरीने. आपल्याकडच्या बाळांचा त्यात वाटा आहे म्हणून तो जवळचा वाटतो, आणि मुख्य म्हणजे ती तीच बाळं पुन्हा पुन्हा मोजून केलेली वाढ आहे. पण जन्मोत्तर तक्त्यात एकूण २०१ बाळं होती आणि त्यातली ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेली फार थोडी. २६-२७ आठवड्यांच्या बाळासाठी तिथला मध्य फारसा भक्कम नाही.

फेंटनचा तक्ता जन्मवेळच्या वजनांतून बनला आहे. ३० व्या आठवड्याचा आकडा म्हणजे ३० व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांचं वजन, दोन आठवड्यांपूर्वी जन्मून ३० ला पोचलेल्यांचं नव्हे. जन्मानंतर अंगातलं जादा पाणी निघून जातं, वजन उतरतं आणि जन्मवजन परत यायला १० ते १४ दिवस लागतात. फेंटनवर हा उतार उपासमारीसारखा दिसतो. म्हणून सॉफ्टवेअरने पहिल्या दोन आठवड्यांत "वाढ खुंटली" असा इशारा देऊच नये. या काळात जन्मवजनाच्या किती टक्के उतरलं एवढंच दाखवावं. आणि जन्मवजन परत येईपर्यंत दूध, सलाईन, औषधं यांचा प्रतिकिलो हिशेब जन्मवजनावरच चालू ठेवावा. नाहीतर वजन उतरलं की दूध आपोआप कमी होतं, आणि दूध कमी म्हणून वजन आणखी उतरतं.

मी दोन्ही तक्ते ठेवेन, पण एका बाळाला डिस्चार्जपर्यंत एकच. मधेच तक्ता बदलला की स्कोअर उडी मारतो आणि ती उडी बाळाने मारली असं वाटतं. जिथे बदल अटळ आहे, म्हणजे फेंटनचे ५० किंवा इंटरग्रोथचे ६४ आठवडे संपल्यावर, तिथे आलेखावर उभी तुटक रेघ आणि "इथून पुढे जागतिक आरोग्य संघटनेचं मानक, सुधारित वयाने" एवढे शब्द पुरतात. ते सुधारित वय किमान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचं.

हिशेबाच्या पद्धतीही दोन आहेत. फेंटनमध्ये दर वयाला एल (वजनांचा एका बाजूचा कल), एम (मध्य), एस (पसारा) असे तीन आकडे मिळतात आणि झेड = [(वजन ÷ एम)^एल − १] ÷ (एल × एस). एल शून्य असेल तर भागाकार कोसळतो. तिथे ln(वजन ÷ एम) ÷ एस वापरायचं (ln म्हणजे नैसर्गिक लॉग). आकडे आठवड्यागणिक असतील तर मधल्या दिवसांसाठी एल, एम, एस तिन्ही वेगवेगळे सरकवा. पूर्ण आठवड्यावर खाली ओढलंत तर ३०+० आणि ३०+६ एकाच मापाने मोजले जातात, आणि त्या वयात आठवड्याची वाढ दीडशे ग्रॅमच्या आसपास असते. इंटरग्रोथमध्ये सरळ समीकरणं आहेत: वजन आणि लांबीला नैसर्गिक लॉग घ्यावा लागतो, डोक्याच्या घेराला नाही, तो सेंटिमीटरमध्येच जातो. वजन किलोत द्यायचं, ग्रॅममध्ये नाही. एक्सेलमध्ये LOG हे दहाच्या पायावर चालतं, नैसर्गिक लॉगसाठी LN लिहावं लागतं. पायथॉनमध्ये मात्र log हाच नैसर्गिक. एकीकडचं सूत्र दुसरीकडे चिकटवलं की घोळ इथेच होतो.

टक्केवारीपेक्षा, म्हणजे शंभर बाळांत हे खालून कितवं यापेक्षा, झेड-स्कोअर दाखवा असा आग्रह का, तर −३ आणि −४ यांतला फरक टक्केवारीत दिसतच नाही, दोन्ही ठिकाणी शून्याच्या जवळचं काहीतरी येतं. आणि सगळ्यांत लहान बाळांची वाढ नेमकी तिथेच बघायची असते.

रोजच्या वाढीचा वेग, म्हणजे प्रतिकिलो प्रतिदिन किती ग्रॅम, हा आकडा राउंडवर सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि तोच सगळ्यांत जास्त चुकतो. १,००० ग्रॅमचं बाळ ३५ दिवसांत १,८०० ग्रॅम झालं. वाढ ८०० ग्रॅम, भागिले सुरुवातीचं १ किलो, भागिले ३५: उत्तर २२.९. बघून समाधान वाटतं. पण बाळ त्या काळात १ किलोचं राहिलेलंच नाही. १००० × ln(१८०० ÷ १०००) ÷ ३५ असं केलं की १६.८ येतात. अपेक्षा १५ ते २० ची धरली तर पहिला आकडा "उत्तम" सांगतो आणि दुसरा "ठीक, पण लक्ष असू द्या" असं सांगतो. आठवडाभराच्या हिशेबात फरक कमी पडतो: ११८० वरून सात दिवसांत १३४० झालं तर लॉगने १८.२ येतात, सुरुवातीच्या वजनाने भागून १९.४. सॉफ्टवेअर कोणतं सूत्र वापरतं ते पडद्यावर लिहिलेलं असावं. बाळ दोन-अडीच किलोच्या पुढे गेलं की प्रतिकिलो सोडून रोजचे २० ते ३० ग्रॅम असं बघणं सोपं जातं.

नोंदी आत कशा येतात यावर सॉफ्टवेअरचा खरा कस लागतो. वजन रोज एकाच काट्यावर, एकाच वेळी, दूध देण्याआधी, कपड्यांविना. हाताला फळी बांधलेली असेल तर तसल्याच फळीचं वजन आधी करून ते वजा करायचं, आणि फॉर्ममध्ये "अंगावर काय होतं" अशी टिचकी मारायची सोय हवी: फळी, सीपॅपची (श्वासाला दाबाने हवा देणाऱ्या यंत्राची) टोपी, नळी. डोक्याचा घेर आठवड्यातून एकदा, न ताणणाऱ्या टेपने, तीन वेळा मोजून सगळ्यांत मोठा. टोपीवरून मोजलेला घेर नोंदवण्यापेक्षा तो आठवडा रिकामा सोडणं बरं. लांबीला इन्फंटोमीटर (बाळाला झोपवून मोजायची फळी) आणि दोन माणसं लागतात. एकट्याने टेपने मोजलं की सेंटिमीटरभराची चूक सहज होते, आणि सेंटिमीटर म्हणजे या वयातली आठवड्याची पूर्ण वाढ.

चुकीच्या आकड्यांना अडवताना दार पूर्ण बंद करू नका. वजन कालच्यापेक्षा १० टक्क्यांनी वेगळं असेल तर "पुन्हा वजन करून खात्री केली?" असं विचारा, पण हो म्हटल्यावर घ्या. नाहीतर रात्रपाळीत, तीस बाळं आणि दोन सिस्टर असताना, फॉर्म पुढे सरकावा म्हणून कालचंच वजन भरलं जातं. १.२५ आणि १२५० दोन्ही घेऊन ग्रॅममध्ये बदलणं यंत्राला जमतं, ते काम माणसावर ढकलू नये. दुरुस्ती केली तर जुना आकडा, कोणी बदलला आणि केव्हा, हे राहिलं पाहिजे. जुळ्यांच्या नोंदींची सगळ्यांत जास्त काळजी घ्या. दोघांचंही नाव आईच्या नावावरून, जन्मतारीख एक, आईचा नोंदणी क्रमांक एक, फरक फक्त "पहिलं" आणि "दुसरं" एवढाच. त्यात बारशानंतर नाव बदलतं. प्रत्येक बाळाला स्वतःचा क्रमांक आणि पडद्यावर दुसऱ्या जुळ्याचं आदल्या दिवशीचं वजन शेजारी दिसत राहिलं, तर अदलाबदल लगेच लक्षात येते.

दाखवताना वजन, लांबी आणि डोकं एकाच पानावर, एकाखाली एक. एका रात्रीत ८० ग्रॅम वाढले आणि पापण्या सुजल्या असतील तर ते पाणी आहे. डोक्याची रेघ एकटीच वर निघाली आणि बाकी दोन जागेवर असतील तर टाळूवरून सोनोग्राफी करायची वेळ आली. वजन भराभर वाढतंय आणि लांबी मागे पडतेय, तर प्रथिनं कमी पडत असण्याची शक्यता आधी तपासा. नुसतं आईचं दूध १६० मिली प्रतिकिलो दिलं तरी त्यातून प्रथिनं दोन ग्रॅमच्याही खालीच राहतात, गरज साडेतीन ते चार ग्रॅमची असते. म्हणून आलेखाच्या पायाशी रोजचं दूध मिली प्रतिकिलोत आणि फॉर्टिफायर (आईच्या दुधात मिसळायची पोषक पूड) सुरू केल्याची तारीख हवीच. कारण आणि परिणाम एकाच पानावर आले की राउंडवरची चर्चा लांबत नाही.

लाल रंग कशाला द्यायचा हेही ठरवावं लागतं. १० टक्क्यांच्या रेषेखाली दिसलं की लाल, ही सवय मोडायला हवी. आठव्या टक्क्यावर जन्मून त्याच रेषेला समांतर वाढणारं बाळ नीट वाढतंय. साठाव्यावर जन्मून बाराव्यावर आलेलं बाळ रेषेच्या वर आहे, पण घसरलंय ते हेच. झेड-स्कोअर ०.८ ते १.२ ने घसरला तर सौम्य, १.२ ते २ ने घसरला तर मध्यम आणि २ पेक्षा जास्त घसरला तर तीव्र कुपोषण, असे २०१८ मध्ये सुचवलेले निकष आहेत, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांनंतरच वापरायचे. इशारा या घसरणीवर बेतावा.

विकत घेतलेलं असो वा घरी लिहिलेलं, वापरण्याआधी काही बाळं खोटी भरून बघा. मध्याचं नेमकं वजन दिलं की शून्य यायला हवा. तेच आकडे पेडीटूल्स या संकेतस्थळावरच्या फेंटन २०१३ गणकयंत्रात घालून दुसऱ्या दशांशापर्यंत जुळवा. २९ फेब्रुवारीचा जन्म, पहाटे २ चा जन्म, ४९+६ आणि ५०+१ ची मोजमापं, मुलगा चुकून मुलगी. २४ आठवड्यांचं बाळ इंटरग्रोथच्या जन्मोत्तर तक्त्यावर टाका: सॉफ्टवेअरने "तक्त्याच्या बाहेर" म्हणायला हवं. आकडा दिला, तर ते रेषा मनाने पुढे ओढतंय आणि त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही शंका घ्यायला जागा आहे.

डिस्चार्ज कार्डावर आलेखाच्या छापील प्रतीसोबत प्रसूतीची अपेक्षित तारीख ठळक अक्षरात द्या. पुढे अंगणवाडीत किंवा फोनवरच्या एखाद्या ॲपमध्ये फक्त जन्मतारीख विचारली गेली, तर अकरा आठवडे लवकर आलेलं बाळ तिथे तीव्र कमी वजनाचं दिसतं आणि घरात विनाकारण घबराट होते. अशा वेळी काही पालक जन्मतारखेच्या जागी अपेक्षित तारीख भरतात. वाढीच्या आलेखापुरतं ते बरोबर येतं, पण त्याच नोंदीवरून लसीकरणाच्या तारखा निघत असतील तर सगळ्या लशी अडीच-तीन महिने मागे पडतात. लशी खऱ्या जन्मतारखेनेच द्यायच्या. डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणीही जन्मतारखेवरूनच मोजायची: ३४ आठवड्यांच्या आत किंवा २,००० ग्रॅमच्या आत जन्मलेल्यांची चार आठवड्यांनी, २८ आठवड्यांच्या आत किंवा १,२०० ग्रॅमच्या आत असतील तर दोन ते तीन आठवड्यांनी. गर्भवय, जन्मवजन आणि जन्मतारीख ही तिन्ही सॉफ्टवेअरकडे पहिल्या दिवसापासून असतात, तेव्हा या तपासणीची आठवणही त्यानेच द्यावी.