जिवाची तहान

बायबलमधल्या स्तोत्र ४२ मधली पाण्यासाठी लुलपणारी हरिणी आपल्या लोकांना तोंडपाठ असते. पुढचं मात्र आपण भरभर वाचतो. हे स्तोत्र रचणारा माणूस यार्देन नदी आणि हर्मोन डोंगराकडच्या मुलखात, मंदिरापासून लांब अडकलाय. लोक विचारतात, तुझा देव कुठे आहे? आणि त्याला आठवतं काय, तर सणाच्या गर्दीबरोबर देवाच्या घराकडे चालत जाणं!

आज आत्याच्या खाटेशेजारी बसून हे वाचलं आणि गळा दाटून आला. मांडीचं हाड मोडल्यापासून तिची रविवारची उपासना सुटली आहे. पाळकसाहेब आज घरी येऊन प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, देऊन गेले. भाकरीचा तुकडा तिने दोन बोटांत धरला, थरथरत, आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "घरी देव भेटतो रे, पण सगळ्यांबरोबर गायचंय मला."

मी तिला धीर द्यायला गेलो होतो. पण ही ओढ म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे, असं मला मनापासून वाटतं. "माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" हे स्तोत्रकर्ता स्वतःलाच दोनदा विचारतो, स्तोत्र ४३ मध्ये पुन्हा एकदा. उत्तर दर वेळी एकच, देवाची आशा धर. मंदिरात पोहोचलो, असं तो शेवटपर्यंत म्हणत नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली तर येत्या रविवारी तिला व्हीलचेअरवरून उपासनेला नेणार आहोत. चर्चच्या मंडळीतली मुलं पायऱ्यांवर हात द्यायला तयार आहेत. तिच्यासाठी प्रार्थना करा.