बाईंचं भिंग

अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. शाळेबद्दल लिहायचं म्हणजे मला बाईंबद्दलच लिहावं लागणार. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी.

मी चौथीत होतो ते साल २००२. आपल्या भागात ते कुणी विसरलेलं नाही. उसावर लोकरी मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, आला तो आधी आपल्या सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता कर्नाटकापर्यंत पोचला. पानाखाली कापसासारखा थर, खालच्या पानांवर चिकटा गळून काळी बुरशी. रानातून आलं की केसांना, सदऱ्याला पांढरं लागलेलं असायचं.

बाईंनी तसलं एक पान वर्गात आणलं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, भिंग ठेवलं आणि एकेकाला बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा त्या लोकरीत एक बारीक हिरवट अळी सरकताना दिसली. अळी दिसली की मारायची, एवढंच घरात शिकलेलो. पेन्सिलीच्या टोकानं मी ती चिरडली.

बाई ओरडल्या नाहीत. "आता तिच्या आजूबाजूला बघ, मावा आहे का?" एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा भिंगाला डोळा लावला. अळी होती तिथं थर विरळ झालेला, नुसती जाळी आणि माव्याची रिकामी सालटं. ती मावा खात होती! मला रडू फुटलं. तिचं नाव डिफा, हे मला फार पुढे कळलं.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच पानावर दुसरी शोधली. बाईंनी तो तुकडा काड्यापेटीत घालून माझ्या हातात दिला, "अण्णांना दाखव." अण्णा बांधावर फवारणीचा पंप भरत होते. "आता बाई शिकवणार व्हय आम्हाला ऊस?" म्हणाले, पण काड्यापेटी उघडून बराच वेळ बघत बसले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्वतः शाळेत आले, भिंग मागायला. ज्या सऱ्यांत अळ्या सापडल्या तिथं त्यांनी औषध मारलं नाही. उलट तिथली पानं तोडून दुसऱ्या सऱ्यांत नेऊन अडकवली.

"काय खातो ते आधी बघा," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. ढालकिड्याची काळी काटेरी अळी बघून मुली मागं सरायच्या, बाई ती तळहातावर घ्यायच्या आणि मावा खाताना दाखवायच्या. हुमणीला मात्र दयामाया नव्हती, कारण ती उसाची मुळं खाते. वळवाचा पहिला पाऊस झाला की दिवेलागणीला शाळेमागच्या कडुलिंबावर हुमणीचे भुंगेरे जमायचे. आम्ही फांद्या हलवायचो, खाली पडलेले रॉकेलच्या पाण्यात टाकायचो.

तो कडुलिंब रस्त्यात गेला. आता मुलांना किडे पडद्यावर दिसतात, मोठे आणि रंगीत. पण पडद्यावरचा किडा हातावर चालत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी कृषी पदविका केली, आज अडीच एकर ऊस करतो. पंप भरण्याआधी पान उलटं करून बघितल्याशिवाय राहवत नाही. गावातली चार पोरं आता माझ्याकडे पानं घेऊन येतात.

काळ्या टेपनं मूठ गुंडाळलेलं ते भिंग ऑफिसच्या कपाटात अजून आहे, असं शिपाईमामांकडून कळलं. सोहळ्याच्या दिवशी ते टेबलावर ठेवावं, अशी समितीला हात जोडून विनंती. बाई येणार आहेत. पान मी घेऊन येतो.