शिडाकडून इंजिनाकडे

आयुष्यभर शिडाच्या नौकेवर वावरल्यानंतर आज दिवसभर ट्रॉलर पद्धतीच्या, म्हणजे मासेमारी नौकेच्या धर्तीवरच्या, मोटरबोटीचे सुकाणू हाती होते, आणि हा बदल मला मानवेल याविषयी आता शंका उरलेली नाही. खांदे दोर ओढण्यास कुरकुरू लागले म्हणून समुद्रच सोडावा, हे मला कधीच पटले नव्हते. पावसाची सर आली तेव्हा बंदिस्त केबिनमध्ये कोरड्या कपड्यांत उभे राहून लाटा न्याहाळता आल्या, हे सुख मोठेच.

वेगाचे गणित मात्र ओळखीचे निघाले. पाणरेषेवरील लांबी 36 फूट असेल तर अशा नौकेचा वेग साधारण 8 नॉटपाशी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) अडतो आणि त्यापुढे रेटू पाहिले की डिझेल झपाट्याने जळते, म्हणून आम्ही 6 नॉटवरच समाधानी राहिलो. डोलणे अधिक जाणवले, कारण वाऱ्याने भरलेले शीड आणि तळाचा जड, खोल कणा नौकेला जो आधार देतात, तो येथे नाही. त्यामुळे लाटा थेट बाजूवर न घेता थोडे तिरके जावे लागते. निघण्यापूर्वी इंजिनातले तेल पाहिले आणि डिझेल फिल्टरच्या पारदर्शक वाटीच्या तळाशी पाणी साचलेले नाही ना, हेही तपासले. पूर्वी हीच नजर शिडाच्या शिवणींवरून फिरत असे.

धक्क्याला लागताना मात्र उंच बाजूंवर वारा आदळून बोट सरकते, त्याचा सराव भरपूर करावा लागेल.