आमची वाटचाल : सहा कार्डांच्या रिगपासून विजेच्या हिशेबापर्यंत

2017 साली आम्ही व्यवसाय सुरू केला, तेव्हा हौशी मायनरला (संगणकाच्या गणनशक्तीवर आभासी चलन मिळवणाऱ्याला) सहा ग्राफिक्स कार्डांची रिग, म्हणजे मायनिंगचा यंत्रसंच, जोडून द्यायची आणि ती इथेरियम या आभासी चलनाच्या जाळ्यावर चालू करून द्यायची, एवढेच आमचे काम होते. कार्डे मिळवण्यातच सारी शक्ती खर्च होत असल्याने सुट्या भागांकडे दुर्लक्ष झाले आणि ते लवकरच अंगाशी आले. एका ग्राहकाची रिग परत आली, तेव्हा रायझरला (कार्ड मदरबोर्डशी जोडणाऱ्या सुट्या भागाला) वीज देणाऱ्या, मुळात हार्ड डिस्कसाठीच्या साटा जोडणीचे प्लास्टिक मेणासारखे ओघळून तारेला चिकटलेले होते. ही जोडणी 12 व्होल्टवर जेमतेम 54 वॅट पेलते आणि कार्ड स्लॉटमधून तेवढ्याच व्होल्टवर 66 वॅटपर्यंत ओढू शकते, हा साधा हिशेब आम्ही केला नव्हता. चूक सर्वस्वी आमची होती. तोवर दिलेल्या सगळ्या रिगना आम्ही स्वखर्चाने सहा पिनांच्या थेट केबली बसवून दिल्या.

पुढचा धडा मेमरीचा. इथेरियमच्या मायनिंगला लागणारी डॅग ही मोठी डेटा फाइल कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागे, ती दर 30,000 ब्लॉकांमागे (ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा) वाढत असे आणि 2020 च्या अखेरीस ती 4 जीबीच्या कार्डांत मावेनाशी झाली. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमने मायनिंगच बंद केले आणि आमचा मूळ धंदा एका दिवसात संपला.

तेव्हापासून आम्ही यंत्राआधी विजेचा दर आणि जागा विचारतो. ग्राहक हॅशरेट, म्हणजे यंत्राचा गणिते करण्याचा वेग, पाहून येतो, आम्ही त्याला एका टेराहॅशमागे (एक लाख कोटी गणितांमागे) किती ज्यूल ऊर्जा लागते ते दाखवतो. बिटकॉइन मायनिंगचे अँटमायनर एस9 हे यंत्र जुन्या बाजारात स्वस्तात मिळते खरे, पण सेकंदाला 13.5 टेराहॅशसाठी ते सुमारे 1,320 वॅट, म्हणजे दिवसाला जवळजवळ 32 युनिट खाते. त्याच मालिकेतले एस21 मात्र 200 टेराहॅश 3,500 वॅटमध्ये देते. अर्थात, ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत उतरते आणि पंख्यांचा आवाज इतका असतो, की झोपण्याच्या खोलीशेजारी असे यंत्र ठेवू पाहणाऱ्याला आम्ही सरळ नकार देतो. घरातला संगणकच वापरायचा असेल, तर साध्या प्रोसेसरला मानवणारे मोनेरो हे चलन सुचवतो.

पूल, म्हणजे अनेक मायनरांनी एकत्र काम करून मिळकत वाटून घेण्याची व्यवस्था, निवडताना बहुतेक जण फक्त शुल्काची टक्केवारी पाहतात, आणि तिथेच फसतात. पीपीएलएनएस या वाटणीच्या पद्धतीत ब्लॉक सापडून त्याचे बक्षीस मिळेल तेव्हा त्याआधीच्या ठरावीक शेअरांवरच (शेअर म्हणजे यंत्राने पूलला दिलेला कामाचा पुरावा) वाटणी होते. त्यामुळे केवळ रात्री यंत्र चालवणाऱ्याचे दिवसा सापडलेल्या ब्लॉकांत बरेचदा काहीच उरत नाही. अशांना थोडे जास्त शुल्क घेणारी, पण प्रत्येक शेअरचे पैसे देणारी पीपीएस पद्धत बरी पडते. याहून महत्त्वाची असते ती पैसे हाती पडण्याची किमान मर्यादा. आमच्या एका ग्राहकाने लहान यंत्र नावाजलेल्या पूलवर लावले आणि सात महिने आकडा नुसता वाढताना पाहिला. मर्यादा काही गाठली गेली नाही.

अलीकडे एखाद्या टेराहॅशची, पंधरा-वीस वॅटवर चालणारी छोटी यंत्रेही आम्ही विकतो. एकट्याने ब्लॉक मिळवण्याची हौस असणाऱ्यांना ती आवडतात. बिटकॉइनचे जाळे याच्या कोट्यवधी पट ताकदीचे असल्याने अशा यंत्राच्या बिलावर ‘उत्पन्नाची अपेक्षा धरू नये’ असे आम्ही हाताने लिहून देतो, आणि ग्राहक ते वाचून हसतहसत यंत्र घेऊन जातो.