फॉन्तेनब्लोच्या झाडीतला उजेड

जंगलाच्या चित्रासमोर उभं राहिलं की नजर आधी उजेडाकडे धावते. तिला जरा आवरा आणि काळोख किती आहे ते बघा. पॅरिसच्या आग्नेयेला फॉन्तेनब्लोचं जंगल आहे. एकोणिसाव्या शतकात बार्बिझाँ गावातले चित्रकार तिथे काम करायचे. त्यांच्यापैकी नार्सिस दियाजच्या कित्येक चित्रांत बहुतेक कॅनव्हास गडद हिरवा-तपकिरी असतो. उजेड म्हणाल तर खोडावर पडलेला एखादा कवडसा, डबक्यातली चमक आणि पानांआडून दिसणारं थोडं आभाळ.

डोळे किलकिले केले की पानं-गवत विरघळतं आणि गडद-फिकट असे तीन-चार मोठे डाग उरतात. चित्राचा मूड तिथेच ठरलेला असतो.

आता जवळ जा. कवडशावर रंग जाड चढवलेला, सावलीत पातळ आणि पारदर्शक. मूठ दुर्बिणीसारखी धरून नुसता कवडसा पाहिला, तर तो मळकट पिवळा निघतो! मूठ काढली की पुन्हा लखलखतो. ही सगळी शेजारच्या काळोखाची करामत.

पानांमधल्या फटी तर खरी परीक्षा. नवशिका तिथे मोकळ्या आभाळाचाच रंग भरतो आणि झाडावर कागदाचे कपटे चिकटल्यासारखे दिसतात. फट जितकी लहान, तितका आभाळाचा रंग गडद करावा लागतो, कारण कडेची पानं आणि बारीक डहाळ्या उजेड खातात.

बार्बिझाँचेच चित्रकार थिओडोर रूसो (तत्त्वज्ञ रूसो वेगळा) यांचं पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं फॉन्तेनब्लोच्या सूर्यास्ताचं चित्र बघा. काळ्या झाडांची कमान आणि तिच्या पलीकडे मावळतीचा उजेड. पाहणारा सावलीत उभा राहतो, म्हणून पलीकडचं ऊन इतकं ओढ लावतं.

त्याच काळातले चित्रकार कॅमिल कोरो यांचा मार्ग उलटा. १८६४ च्या ‘मोर्तफॉन्तेनची आठवण’ या चित्रामध्ये कवडसा शोधूनही सापडत नाही. झाडाच्या शेंड्याची कड आभाळात विरलेली, तळ्याचं पाणी रुपेरी करडं, गवतात फुलांचे बारीक ठिपके. गडद आणि फिकट यांतलं अंतरच कमी ठेवल्यामुळे धुकट शांतता येते. मला रूसोंच्या नाट्यापेक्षा हे अवघड वाटतं. एक कड जरा धारदार झाली तरी सगळं बिघडेल.

मात्र आज दिसणारा सगळा अंधार चित्रकाराचाच असेल असं नाही. त्या काळी उबदार गडद छटेसाठी बिटुमेन, म्हणजे डांबरासारखा रंग, वापरत. तो पुरता वाळत नाही, काळवंडतो आणि मगरीच्या कातडीसारखा तडकतो. मग सावलीतले तपशील बुडतात. जुनं व्हार्निशही पिवळं पडतं. कोरोंचा रुपेरी रंग त्याखाली हिरवट दिसू लागतो. मोबाइलवरच्या फोटोत पुष्कळदा सावल्या उजळवलेल्या असतात, त्यामुळे दियाजचं जंगल तिथे भर दुपारचं वाटतं. दालनात दिव्याची तिरीप गडद भागावर चमकत असेल, तर दोन पावलं बाजूला सरका आणि नजर अंधाराला सरावू द्या. खोडामागची पायवाट मग हळूहळू दिसू लागते.